मे महिन्यातलं बालशिबिर: आधी वही, मग रंग

गेल्या वर्षी माझ्या शिबिरात सगळं होतं. झावळ्यांचा मांडव होता, रंग होते, माठात वाळा घातलेलं पाणी होतं. नव्हती ती एक दोनशे पानी वही, कुठल्या पोराला न्यायला कोण येणार हे लिहून घेतलेली. त्यामुळे यंदा कुणी विचारलं की तयारी कुठून सुरू करू, तर मी सांगते, कागद-कात्री राहू दे, आधी वही आण.

झालं ते सांगते. एरवी वर्षभर माझ्या पाळणाघरातून न्यायला आई येते नाहीतर आजी. तोंडं पाठ असतात. मे महिन्यात आमच्या कोकणात तुतारी आणि कोकणकन्या या रेल्वेगाड्या भरभरून येतात, घराघरांत चाकरमानी, आणि साडेअकराला फाटकात उभे राहतात ते मामा, आतेभाऊ, थोरल्या काकांचा जावई. असाच एक स्कूटरवरून आला. "मी हेचो मामा, मुंबयसून इलंय." पोराचं घरातलं नाव त्याला ठाऊक होतं, पोरही त्याला बघून हसलं. दिलं मी. दहा मिनिटांनी आजी छत्री घेऊन दारात. "माझो नातू खंय?" पुढची चाळीस मिनिटं मी पुन्हा आठवणार नाही. मामा खरोखरचा होता, आईचा चुलतभाऊ. भाच्याला बाजारात आईसफ्रूट खायला नेलं होतं, इतकंच. पोर परत आलं ते नारिंगी जीभ दाखवत. आजी मात्र ओट्यावर बसली ती अर्धा तास उठलीच नाही.

तर वहीत मुलाचं नाव, न्यायला येणाऱ्या दोघांची नावं, नातं, फोन. दोनच माणसं, तिसरं नको. जमलं तर त्यांचे फोटोही चिकटवा. आडनावावर जाऊ नका, आमच्या वाडीत अर्ध्या घरांचं आडनाव एकच आहे. घरातल्या नावावर तर मुळीच नको, ते गावाला माहीत असतं. तिसरं कुणी आलं तर आईला फोन आपण लावायचा. त्याने लावून पुढे केलेला फोन कानाला घ्यायचा नाही. पाहुण्याला राग येतो. येऊ दे. खुर्ची द्या, सरबत द्या, पोर देऊ नका.

आता बाकीचं. शिबिर मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. पुढे लग्नं आणि वळवाचा पाऊस. वेळ साडेआठ ते साडेअकरा. बाहेरचे खेळ दहाच्या आत, कारण नंतर जांभ्याचं अंगण तापतं आणि अनवाणी पोरं नाचायला लागतात, आपण न शिकवता. आपल्याकडे पारा विदर्भासारखा चढत नाही म्हणून बेफिकीर राहू नका. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, पोर लालबुंद होतं आणि खेळतच राहतं. दर अर्ध्या तासाला पाणी, मागायची वाट न बघता. उकळलेलं. ओआरएसच्या पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर लिटरभर पाण्यातच घाला, अंदाजाने पेल्यात अर्धं ओतू नका. सुके कपडे, टॉवेल, नाव घातलेली बाटली हे सांगायला नकोच.

विहिरीवर जाळी आहे का? नसेल तर शिबिर भरवू नका. फाटकाची कडी मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर लावा.

तीन वर्षांचं पोर एका गोष्टीवर दहा मिनिटं टिकतं, म्हणून एकाच तासाला पाच-सहा गोष्टी हाताशी हव्यात. शहरातून थर्माकोल मागवू नका, अंगणात माल पडलेला असतो. काजूचं बोंड आडवं कापून रंगात बुडवलं की ठसा सुरेख येतो, मधल्या रेषांसकट. पण बी आधीच पिळून काढा आणि आवारातून बाहेर न्या. ओल्या बीच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, फोड येतात, आणि पोर तेच बोट डोळ्याला लावणार. बोंडाचा रस कपड्यावर पडला तर डाग जात नाही, हे पालकांना आधी सांगा; मला दोन फ्रॉक भरून द्यावे लागले. झावळीच्या पात्यांची पिपाणी, घड्याळ, भिंगरी करायला वाडीतल्या एखाद्या आजोबांना बोलवा, पोरं त्यांच्याभोवती चिकटून बसतात. हीर, म्हणजे पात्यामधली टोकदार काडी, मात्र आधी सोलून टाका, डोळ्यात जाईल. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, थोडं तेल, लागेल तसं पाणी, असा खेळायचा गोळा मळता येतो. मिठामुळे आपल्या हवेत त्याला रात्रीत पाणी सुटतं, तेव्हा रोज ताजा मळा.

मोजायला, वेगळं करायला मोठे शिंपले घ्या, करवंट्या घ्या. चिंचोके नको, नाकात जातात. गुंजा आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या तर आवारातही नको. आपण लहानपणी खेळलो असू, दोन्ही विषारी आहेत.

खाऊत अख्खे शेंगदाणे नाहीत, घशात अडकतात. बरक्या फणसाचा गरा अख्खा देऊ नका, सुळकन आत जातो. आठळ काढून बारीक चिरा. हापूस देठाकडचा चीक धुऊन, कापून द्या, नाहीतर ओठ पोळतात आणि आई म्हणते तुमच्याकडे काय खाल्लं.

समुद्रावर एकच दिवस न्या, तोही पंचांग बघून. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. तेव्हा जा, शिंपलेही मिळतात. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराला पाणी चढलेलं असतं, तो दिवस टाळा. चार पोरांमागे एक मोठं माणूस. पाण्यात पाऊल नाही, खेळ ओल्या वाळूतच. आणि वही घेतली का? किनाऱ्यावर हमखास कुणीतरी म्हणतं, "मी हिकडेच आसंय, परस्पर घेऊन जातंय." परस्पर काही नाही. पोरं मोजून नेली, मोजून फाटकात आणली, तिथून वहीतल्या माणसाच्या हाती.

मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलींना कामं आदल्या दिवशी वाटून द्या. एकीने फक्त शौचालयाकडे लक्ष ठेवायचं. एकीने फक्त फाटक, आणि ती तिथून हलायची नाही, कुणी लाडू दिला तरी.

वीज जाणार, पंखे बंद पडणार, हातपंखे ठेवा. पाऊस आला तर पडवी. खोकला असलेलं पोर घरी. मलमपट्टीचा डबा, सुतळी, दोन बादल्या, फडकी. अजून काही राहिलं असेल तर ते गावात मिळतं.

शेवटच्या दिवशी पाच मिनिटांचा नाच, चित्रं दोरीला अडकवायची, खाऊ, फोटो, संपलं. भाषण ठेवू नका. मात्र गर्दी त्याच दिवशी सगळ्यात जास्त, अख्खी मुंबई अंगणात, आणि जो तो जवळचं पोर कडेवर उचलतो. त्या दिवशी वही फाटकाजवळ खिळ्याला टांगा, पेन सुतळीने बांधून. सही झाल्याशिवाय कडी काढायची नाही. आजीची सहीसुद्धा घ्या.