साथीच्या काळात परदेशातून लवकर परतायचं असेल तर

19 मार्च 2020 ला घोषणा झाली आणि 22 पासून भारतात येणारी आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद. परदेशात अडकलेल्यांना घरी आणणारी सरकारची ‘वंदे भारत’ मोहिमेची उड्डाणं सुरू व्हायला 7 मे उजाडला. म्हणून साथ पसरू लागली की परतीचा निर्णय रेंगाळू देऊ नका. चार पैसे जास्त गेले तरी थेट विमानच घ्या. मधल्या थांब्यावर नियम बदलले की माणूस तिथेच अडकतो. फिलिपिन्समधून निघालेले आपले विद्यार्थी तेव्हा क्वालालंपूरच्या विमानतळावर असेच खोळंबले होते. जुनं तिकीट घाईने स्वतः रद्द करू नका, आधी तारीख बदलून मागा. कंपनीनेच उड्डाण रद्द केलं तर पैसे परत मागताना तुमची बाजू भक्कम राहते. रोजच्या गोळ्या, महिनाभर पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेतच ठेवा.