‘तारिनाई’च्या जागी ‘सुकुनाई’: जपानीत पुरणं आणि कमी पडणं सांगताना या चुका टाळा

दर बॅचमध्ये कुणी ना कुणी म्हणतंच, ‘ओकाने गा सुकुनाई देसु.’ सांगायचं असतं, पैसे पुरत नाहीत. सांगितलं जातं, पैसे थोडे आहेत. थोडे पैसेही पुरू शकतात. पुरत नसतील तर ‘तारिनाई’ हवं.

या चुकीची किंमत मी मोजली आहे. दुभाषी म्हणून पहिलंच वर्ष होतं. चाकणच्या एका कारखान्यात जपानहून यंत्र आलं, खोकं उघडलं तर बाराऐवजी आठच बोल्ट. फोनवर जपानी इंजिनीअरला मी म्हटलं, ‘बोरुतो गा सुकुनाई देसु.’ तो खुशीत सांगू लागला की हो, या मॉडेलला जुन्यापेक्षा कमीच बोल्ट लागतात. त्याचं अर्धं बोलणं मला कळलं नाही, आणि परत विचारायचं सोडून मी ‘हाय, हाय’, म्हणजे हो, हो, म्हणत राहिले. जोडणीच्या दिवशी चार भोकं रिकामी. बोल्ट येईपर्यंत आठवडाभर काम बंद. वाक्य एवढंच हवं होतं, ‘तारिनाई’चं नम्र रूप घालून: ‘बोरुतो गा योनहोन तारिमासेन.’ चार बोल्ट कमी पडतात. किती कमी, तो आकडा थेट क्रियापदाआधी.

मला वाईट याचं वाटतं की हा फरक मराठीत आपल्याला जन्मापासून येतो. ‘कमी आहे’ म्हणजे सुकुनाई, ‘कमी पडतं’ म्हणजे तारिनाई. पण घाईतली मुलं इंग्रजी नोट्समधलं ‘इनफ’ उचलतात आणि रोजच्या बोलण्यात ‘ज्यूबुन जा नाई’ (पुरेसं नाही) घुसवतात. अ‍ॅपवर महिन्याभरात जपानी उरकायला निघालेल्यांचं तर हे हमखास होतं. मी अजूनही आधी मनात मराठी वाक्य म्हणते, पुरतं, पडतं, भागतं यांतलं एक घालून. ‘हजारात भागेल का?’ ‘सेनएन दे तारिमासु का?’ त्या ‘हजारात’मधला ‘त’ म्हणजेच ‘दे’. ‘फक्त हजारच आहेत’ हेही ‘हजारांशिवाय काही नाही’ असं फिरवून घेतलं की ‘सेनएन शिका नाई’ आपोआप येतं, आणि ‘शिका आरिमासु’ ही चूक होतच नाही.

‘ओकाने ओ तारिनाई’ कधीही नाही. ‘ओ’ लागतो कर्माला, ‘गा’ कर्त्याला. पैसे पुरतात, त्यांना कुणी पुरवत नाही, म्हणून ‘गा’. यावर कुणीतरी क्योतोच्या र्योआनजी मंदिरातलं दगडी कुंड पुढे करतं. त्यावरची चार अक्षरं ‘वारे तादा तारु ओ शिरु’ अशी वाचतात, मग तिथे ‘ओ’ कसा? तो ‘शिरु’चा, म्हणजे जाणण्याचा. पुरेसं असणं जाणायचं आहे. शिवाय ते ‘तारु’ जुनं रूप. आज शिकायचं ते ‘तारिरु’, आणि त्याचं ‘तारिते’ होतं, ‘तात्ते’ नाही.

झोप अपुरी झाली तर ‘सुइमिन-बुसोकु’. सुटा शब्द ‘फुसोकु’, म्हणजे कमतरता; दुसऱ्या शब्दाला जोडला की ‘फु’चा ‘बु’.

वरिष्ठांना ‘तुमचा अनुभव तारिनाई’ म्हणू नका. स्वतःबद्दल मात्र ‘बेंक्यो-बुसोकु दे सुमिमासेन’ जरूर म्हणा, माझा अभ्यास कमी पडला.

जपानी घरात जेवताना वाढायला आलेल्या यजमानीणबाईंना नुसतं ‘ज्यूबुन देसु’ म्हटलं की तुटक वाटतं. ‘मोऽ ज्यूबुन इतादाकिमाशिता’ म्हणा, भरपूर जेवले, आणि मगच वाटीवर हात ठेवा.