फोटोवरून नकाशा: बारवा-विहिरींच्या नोंदीसाठी फोटोतलं ठिकाण कसं काढायचं

तालुक्यातल्या जुन्या बारवा, विहिरी, बंधारे यांची नोंद करायची ठरली की पहिल्या रविवारीच गटाकडे दोन-तीनशे फोटो जमतात. त्यांतल्या बऱ्याच फोटोंच्या पोटात अक्षांश-रेखांश असतात. ते काढून नकाशावर मांडणं पाच मिनिटांचं काम आहे. ते खरे आहेत का हे तपासायला मात्र अख्खी संध्याकाळ लागते, आणि निम्म्या चुका फोटो काढतानाच होऊन गेलेल्या असतात.

मोबाइलच्या फोटोत चित्राबरोबर एक्झिफ नावाचा माहितीचा कप्पा असतो. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश, रेखांश, उंची, काही फोनमध्ये कॅमेरा कुठल्या दिशेला रोखला होता तेही. ही नोंद फोन जिथे होता त्या जागेची असते, फोटोत दिसणाऱ्या वस्तूची नव्हे. समोरच्या टेकडीवरून किल्ल्याचा फोटो काढला तर नकाशावर ठिपका टेकडीवरच पडणार.

फोटो काढताना

कॅमेरा ॲपच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू करा. आयफोनवर लोकेशन सर्व्हिसेसमध्ये कॅमेऱ्याला परवानगी द्या आणि त्याखालचं ‘प्रिसाइज लोकेशन’ही चालू ठेवा, नाहीतर ठिकाण ढोबळच मिळतं. आयफोनचे फोटो हेइक (HEIC) प्रकारात साठतात आणि पुढे काही सॉफ्टवेअरना ते उघडत नाहीत. फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की जेपीईजी मिळतात.

जागेवर पोचलात की आधी नकाशाचं ॲप उघडून निळा ठिपका स्थिर होईपर्यंत थांबा, मिनिटभर पुरतं. गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढला तर फोन कधी कधी मागच्या वळणावरचीच जागा चिकटवून देतो. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक साधारण ५ मीटरच्या आसपास असते; दाट झाडी, उंच भिंत किंवा दरीत ती कितीतरी वाढते. बारवेच्या तळाशी तर आभाळाचा तुकडाच दिसतो. म्हणून नियम करा: प्रत्येक बारवेचा पहिला फोटो काठावरून, मोकळ्या बाजूला उभं राहून. तळातले, कोनाड्यांतले, शिलालेखाचे फोटो हवे तेवढे काढा, पण ठिकाण पहिल्या फोटोचं धरा.

फोटो गोळा करताना

इथेच सगळ्यात जास्त माती होते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून एक्झिफ काढून टाकलं जातं. फाइलच्या नावात तारखेनंतर ‘डब्ल्यूए’ दिसलं की समजायचं, यात ठिकाण उरलेलं नाही. मूळ फोटोच परत मागवा. व्हॉट्सॲपनेच पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, आणि सगळे मागवण्याआधी एक मागवून तपासा. आयफोनवर शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये लोकेशनचं बटण चालू असायला हवं. अँड्रॉइड १० पासून फोटोतलं ठिकाण वाचायला ॲपला वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर ॲपला ठिकाण गाळलेली प्रत मिळते. त्यामुळे एखाद्या ॲपमधून आलेला फोटो रिकामा निघाला तरी फोनमधला मूळ फोटो शाबूत असू शकतो. शक्य असेल तिथे सरळ केबल लावून कॉपी करा.

तपासायला विंडोजवर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. खाली जीपीएसच्या भागात १८, ३१, १०.२ असे तीन आकडे दिसतील. हे अंश, मिनिटं आणि सेकंद.

दशांशात बदलताना

मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं. वरचे आकडे शनिवारवाड्याजवळचे आहेत: १८ + ०.५१६६७ + ०.००२८३ म्हणजे १८.५१९५. रेखांश ७३, ५१, १९.१ चे ७३.८५५३ होतात. मधली खूण दशांशचिन्ह समजून कुणी १८.३११०, ७३.५११९ असं लिहिलं, तर शनिवारवाडा सुमारे ४३ किलोमीटर नैऋत्येला, तोरण्याच्या पश्चिमेच्या डोंगरांत जाऊन बसतो. ही चूक फसवी आहे, कारण ठिपका महाराष्ट्रातच राहतो आणि नजरेत येत नाही.

दशांशानंतर ५ आकडे ठेवा. पाचवा आकडा म्हणजे साधारण १.१ मीटर, त्यापुढचे आकडे फोनच्या बाबतीत नुसती सजावट.

क्यूजीआयएसमध्ये

नकाशे करायचं हे मोफत सॉफ्टवेअर उघडून प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये ‘इम्पोर्ट जिओटॅग्ड फोटोज’ शोधा. फोटोंचा फोल्डर दाखवा, आत उपफोल्डर असतील तर ‘स्कॅन रिकर्सिव्हली’वर खूण करा. खाली दोन निकाल मागता येतात: ठिपक्यांचा थर (लेयर) आणि ‘इनव्हॅलिड फोटोज’ तक्ता. दुसरा बहुतेक जण मागत नाहीत, तो आवर्जून मागा. ठिकाण नसलेल्या फोटोंची ती यादी असते, आणि कोणाला फोन करायचा ते तिथूनच कळतं.

ठिपक्यांचा थर तात्पुरता ठेवू नका. जिओपॅकेज (नकाशाचे थर साठवायची फाइल) म्हणून फोटोंच्या फोल्डरशेजारीच साठवा. मग ‘आयडेंटिफाय’ने ठिपक्यावर क्लिक करून फॉर्म उघडलात की फोटो दिसतो. खाली ओपनस्ट्रीटमॅप किंवा उपग्रहचित्र लावा आणि एकदा पूर्ण झूम आउट करा. गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश-शून्य रेखांशावर ठिपका दिसला तर फोनने रिकाम्या जागी शून्यं भरलीत. नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंडच्या आसपास पुणं तरंगताना दिसलं तर तक्त्यातून आणताना अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली: एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. अमेरिकेतल्या मंडळींनी पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह सांभाळावं, नाहीतर न्यू जर्सीचा फोटो किर्गिझस्तानात निघतो.

मग तक्ता वेळेप्रमाणे लावा. लागोपाठच्या फोटोंचे अक्षांश-रेखांश शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे असतील, आणि फोटो मात्र वेगवेगळ्या जागांचे, तर ते शिळं ठिकाण आहे. असे ठिपके उपग्रहचित्र बघून हाताने सरकवा आणि ‘दुरुस्त’ अशी नोंद वेगळ्या स्तंभात करा. फोटोची वेळ साधारणपणे स्थानिक घड्याळाची असते, पण जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचचा फोटो जीपीएसच्या वेळेत आदल्या तारखेचा दिसेल.

मोजायचं असेल तर

अंशांत अंतर मोजता येत नाही, थर मीटरच्या पद्धतीत बदलून घ्या. यूटीएम ही अशी मीटरची पद्धत, पट्ट्यापट्ट्यांत विभागलेली; ईपीएसजी म्हणजे क्यूजीआयएसमध्ये ती निवडायचा क्रमांक. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३. त्यात गोवा, पुणे, संभाजीनगर, अमरावती शहर येतं. पूर्वेला नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीसाठी ३२६४४.

एका बारवेचे आठ फोटो म्हणजे आठ बारवा नव्हेत. जवळजवळच्या ठिपक्यांचे गट पाडणारं ‘डीबीस्कॅन क्लस्टरिंग’ चालवा: किमान गट १, जास्तीत जास्त अंतर २५ मीटर. मग तळातल्या फोटोंचे ठिपके वगळून, सरासरी जागा काढणाऱ्या ‘मीन कोऑर्डिनेट्स’ला गटक्रमांक देऊन प्रत्येक गटाचा एक ठिपका काढा. दोन विहिरी जवळजवळ असतील तर त्या एका गटात जातील. अशा गावात अंतर १० मीटरवर आणा. शेवटी ‘जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय लोकेशन’ने गावांच्या हद्दींशी जोडलं की गाववार यादी तयार.

जीपीएस नसलेल्या मोठ्या कॅमेऱ्यासाठी खिशातल्या फोनवर जीपीएक्स ट्रॅक (चाललेल्या वाटेची वेळेसकट नोंद) चालू ठेवा आणि कॅमेऱ्याने पहिला फोटो फोनच्या घड्याळाचा, सेकंदांसकट काढा. घड्याळातला फरक त्यावरून कळतो. डिजिकॅम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक आणि फोटो जुळवताना साडेपाच तासांचा फरक भरायला विसरू नका.

नकाशा सार्वजनिक करण्याआधी थरातले ठिकाण आणि फोटोंतलं एक्झिफ, दोन्ही बघा. सुट्या मूर्ती असलेली बारव किंवा घुबडाची ढोली असेल तर ठिपका दशांशानंतर २ आकड्यांवर आणा, म्हणजे जागा साधारण किलोमीटरभर धूसर होते. पण त्याच फोटोच्या एक्झिफमध्ये पूर्ण अक्षांश-रेखांश राहिले, तर या धूसरपणाला काही अर्थ नाही. तेव्हा मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि नकाशासाठी एक्झिफ काढलेल्या प्रती वापरा. त्या प्रतींचा फोल्डर वेगळा असल्याने थरातल्या ‘फोटो’ स्तंभातला जुना मार्ग तेवढा बदलून घ्यावा लागतो.