अजिंठा-वेरूळला गाईड व्हायचंय? मग सुरुवात करण्याआधी हे वाचा

टुरिझमचा कोर्स करणारी मुलं-मुली हल्ली नेहमी विचारतात की ताई, आम्हाला अजिंठा-वेरूळला गाईड म्हणून काम करायचंय, काय काय पाठ करू? पाठ करायला पुष्कळ आहे आणि ते करावंच लागतं, त्यात सुटका नाही. पण छत्रपती संभाजीनगरात इतकी वर्षं हेच काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की या धंद्यात माणूस टिकतो तो वागणुकीवर. गेस्ट आयुष्यात पहिल्यांदा इथे आलेला असतो आणि बहुतेक वेळा पुन्हा येणारही नसतो, तुम्ही जे सांगाल, जिथे न्याल, ज्या दुकानाला चांगलं म्हणाल ते खरं की खोटं हे तपासायला त्याच्याकडे त्या क्षणी काही म्हणजे काही नसतं. तो सगळा भरवसा तुमच्यावर टाकून मोकळा होतो. हे एकदा नीट डोक्यात बसलं की बाकीचे नियम आपोआप सुचत जातात.

लायसन्सचं थोडक्यात सांगते. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचे रीजनल लेव्हल गाईड असतात, त्यांचं ट्रेनिंग ग्वाल्हेरच्या आयआयटीटीएम या सरकारी पर्यटन संस्थेकडून होत आलंय, शिवाय स्थानिक पातळीवरचे परवाने आहेत आणि मंत्रालयाचा ऑनलाइन कोर्सही निघालाय. भरती कधी निघते, अटी काय, हे बदलत राहतं, त्यामुळे कुणाच्या सांगण्यावर न जाता मंत्रालयाच्या साइटवर स्वतः बघा. परवाना हातात नसताना लेण्यांत ग्रुप घेऊन फिरू नका, एवढंच म्हणेन. आणि मिळाला की कार्ड गळ्यात दिसलं पाहिजे, खिशात नाही.

आता खरं काम. ते आदल्या दिवशीच सुरू होतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे आपल्याला झोपेतही माहीत असतं पण दिल्ली-मुंबईत बसून प्रोग्रॅम बनवणाऱ्याला ते दरवेळी लक्षात राहतंच असं नाही, म्हणून बुकिंग आलं की आधी वार बघायचा आणि गडबड असेल तर लगेच एजंटला फोन करायचा. गेस्ट येऊन लॉबीत उभा राहिल्यावर सांगण्यात अर्थ नसतो. अजिंठा शहरापासून साधारण शंभर किलोमीटर, अडीच तास धरूनच चाला, वाटेत स्वच्छ टॉयलेट कुठे आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे, आणि वयस्कर बायका स्वतःहून विचारत नाहीत तेव्हा तुम्हीच गाडी थांबवा. टी पॉईंटला आपली गाडी सोडून पुढचे चार किलोमीटर शटल बसने जावं लागतं, तिथे गर्दीत माणसं दोन बसमध्ये विभागली जातात, उतरल्यावर माणसं मोजल्याशिवाय पुढे निघू नका. वरती पायऱ्या किती आहेत, चालणं किती आहे हे निघतानाच खरं खरं सांगा. 'थोडंच आहे' म्हणून गुडघे दुखणाऱ्या आजींना वर चढवायचं आणि अर्ध्यात बसवायचं हे मला अजिबात पटत नाही, डोली मिळते, तिचा रेट आधी स्वतः ठरवून द्या, आणि त्या उचलणाऱ्या माणसांशीही नीट बोला.

लेण्यांत शिरल्यावर नवीन मुलांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो बोलण्याचा. चित्रं असलेल्या लेण्यांत, म्हणजे मुख्यतः १, २, १६ आणि १७, आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, चपला बाहेर काढायच्या असतात, उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि आवाज घुमतो. अशा जागी उभं राहून वीस मिनिटं लेक्चर दिलं तर मागच्या ग्रुपची वाट अडते, आपल्या गेस्टला नीट ऐकू येत नाही आणि अंधाराला डोळे सरावायच्या आत त्याची बाहेर पडायची वेळ होते. मी काय करते, तर महाजनक जातक (जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीची गोष्ट), हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणि, आणि १७ मधलं वेस्संतर जातक यांचे ए-फोर साइझचे प्रिंट लॅमिनेट करून बॅगेत ठेवलेत. लेण्याबाहेर सावलीत उभं राहून प्रिंटवर बोट ठेवून गोष्ट सांगते, हा राजा, ही राणी, इथे तो राज्य सोडून निघाला, डावीकडून उजवीकडे नाही तर असं असं बघायचं. मग आत गेल्यावर मी जवळजवळ गप्प असते, फक्त कुठे बघायचं तेवढं हळू सांगते. गेस्ट स्वतः शोधतो, स्वतःला सापडलं की त्याचा चेहरा फुलतो, आणि शेजारच्या गाईडलाही त्रास होत नाही. चार हरणांना मिळून एकच डोकं असलेलं ते शिल्प पहिल्या लेण्यात खांबाच्या वरच्या भागात आहे, ते तर मी सांगतच नाही, मुलांना शोधायला लावते.

फ्लॅश म्हणजे फ्लॅश, एकही नाही. गेस्ट म्हणेल एकच फोटो, शेजारचा कुणी मारेल, गार्ड दुसरीकडे बघत असेल, तरी नाही. ही चित्रं दगडावर माती-गवत-भुशाचा लेप देऊन, त्यावर चुन्याचा पातळ थर देऊन कोरड्या पृष्ठभागावर रंगवलेली आहेत, दीड हजार वर्षं टिकलीत आणि आपण ज्याच्यावर पोट भरतो ती हीच. टॉर्चही चित्रावर थेट रोखून धरू नका, भिंतीला हात लावू देऊ नका, पाठीवरच्या सॅक पुढे घ्यायला सांगा. हे सगळं दारातच हसून सांगितलं की आत कुणाला ओरडावं लागत नाही.

पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर एका बाजूने उजेड पाडला की चेहऱ्याचा भाव वेगळा, दुसऱ्या बाजूने वेगळा, समोरून वेगळा, हे आपल्याकडचे गाईड पिढ्यान् पिढ्या दाखवत आलेत आणि गेस्टला ते फार आवडतं. दाखवा, नक्की दाखवा. फक्त 'शिल्पकाराने मुद्दाम हे तीन भाव कोरले' असं ठोकून देऊ नका, उजेड बदलला की असं दिसतं एवढं म्हणा, ते पुरेसं सुंदर आहे.

इथेच माझा जीव अडकतो, म्हणून जरा जास्त लिहिते. जुन्या गाईडांच्या वह्यांमधून आलेल्या कितीतरी गोष्टी आपण तशाच पुढे ढकलतो. उदाहरणार्थ पहिल्या लेण्यातलं परदेशी टोपीवाल्या पाहुण्यांचं दरबाराचं चित्र, ते पूर्वी चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि इराणचा राजदूत म्हणून सांगितलं जायचं. पण पुलकेशी सातव्या शतकातला, आणि वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या अभ्यासकांनी, ज्यांनी अजिंठ्यावर अर्धं आयुष्य घालवलं, त्यांनी ही नंतरची लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात बसवली आहेत. तो काळ धरला तर पुलकेशीचा मेळच बसत नाही. मग काय सांगायचं? दोन्ही सांगायचं, पूर्वी असं मानत, आता बहुतेक अभ्यासक असं मानत नाहीत. यात गाईडचं काही कमी होत नाही, उलट गेस्ट सरसावून बसतो. तसंच जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं. २८ एप्रिल १८१९ ला तो शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली, दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने नाव कोरलंय, ते आज माणसाच्या उंचीच्या वर आहे कारण तेव्हा आत गाळ-मुरूम भरलेला होता आणि तो त्यावर उभा होता. हे सांगा, पण आसपासच्या गावकऱ्यांना ही जागा आधीपासून ठाऊक होती हेही त्याच दमात सांगा.

वेरूळला कैलास मंदिरासमोर हमखास प्रश्न येतो तो एलियनचा. मोबाईलवर व्हिडिओ बघून आलेली मंडळी अगदी मनापासून विचारतात, त्यांची टिंगल करायची नाही, आणि मान डोलावून 'हो हो, असेल' असंही म्हणायचं नाही. मी त्यांना मंदिराच्या भोवती जो चर खोदलाय त्याच्या मागच्या कड्याकडे नेते आणि दगडावरचे टाकीचे घाव दाखवते, ओळीने, तिरके, माणसाच्या हाताचे. मग राष्ट्रकूटांचा बडोद्याचा ताम्रपट सांगते, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा, त्यात लिहिलंय की कृष्णराजाने एलापुरात, म्हणजे वेरूळला, असं मंदिर उभारलं की ते बघून देवांनाही आश्चर्य वाटलं आणि खुद्द कारागिरालाही, हे आपण कसं केलं असं वाटलं. म्हणजे हे माणसांनी केलं हे त्या काळच्या लोकांना माहीत होतं आणि त्याचा अभिमानही होता! यानंतर एलियनचा विषय बहुतेक वेळा तिथेच मिटतो. शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा पण करणारी राणी आणि पैठणचा कोकस कारागीर वरून खाली कोरत आला ती गोष्ट मला फार आवडते आणि मी रंगवून सांगते, पण आधी 'दंतकथा अशी आहे' हे म्हणूनच. आणि एखादी गोष्ट माहीत नसली तर सरळ 'मला माहीत नाही, संध्याकाळपर्यंत बघून सांगते' म्हणायचं आणि खरंच मेसेज करायचा.

आता दुकानं. यावर कुणी उघड बोलत नाही, मी बोलते. हिमरूचं कापड, पैठणी, बिदरीच्या धातूच्या वस्तू, अजिंठ्याजवळचे स्फटिक, सगळीकडे गाईड आणि ड्रायव्हरला कमिशन ठरलेलं असतं आणि ते गेस्टच्याच बिलातून निघतं. नवीन मुलाला फी कमी वाटते, सिनियर सांगतात की खरी कमाई इथे आहे, आणि मग दुपारी चारला कैलास उरकून गाडी शोरूमला वळते. माणूस जर्मनीहून, जपानहून येतो, त्याच्याकडे वेरूळसाठी एक दिवस असतो, त्या एका दिवसातला दीड तास तुम्ही विकलात तर ३२ नंबरची इंद्रसभा आणि बाकीची जैन लेणी त्याच्या वाट्याला कधीच येत नाहीत, आणि आपण काय गमावलं हे त्याला कळतही नाही. मला याचा खरंच राग येतो. गेस्टने स्वतः विचारलं की हिमरू कुठे मिळेल, तर जरूर न्या, कला जगली पाहिजे, विणकर जगला पाहिजे, पण लेणी बघून झाल्यावर, आणि हातमाग कुठला, पॉवरलूम कुठला हे खरं सांगून. कमिशन घेत असाल तर गेस्टने विचारल्यावर खोटं बोलायचं नाही. टिप मागायची नाही, सूचकही नाही, घरच्या अडचणी गाडीत सांगायच्या नाहीत. तुमची फी ग्रुपचा आकार आणि हाफ डे की फुल डे यावर ठरते, परदेशी भाषेचे पैसे वेगळे, ते आधी लिहून घ्या म्हणजे शेवटी अवघडल्यासारखं होत नाही.

श्रद्धेचा भाग नाजूक आहे. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, श्रीलंका-थायलंडचे यात्रेकरू तिथे बसून वंदना म्हणतात, आपल्याकडची बौद्ध कुटुंबंही लहान मुलांना घेऊन येतात आणि हात जोडतात. अशा वेळी आपला ग्रुप बाहेर थांबवायचा, घड्याळ बघायचं नाही. घृष्णेश्वरला रांगेत, खुलताबादला दर्ग्यात, तिथले कपड्यांचे आणि चपलांचे नियम आधी गाडीत सांगायचे. खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीपाशी गेस्ट काहीतरी वादाचं विचारणारच, तुमची राजकीय मतं घरी ठेवा, काय घडलं, कधी घडलं, कबर अशी साधी का आहे तेवढं सांगा, आणि ग्रुपमध्ये आवाज चढायला लागला तर शांतपणे पुढे चला. एकाच गाडीत सगळ्या धर्मांची माणसं बसलेली असतात आणि संध्याकाळी ती सगळी तुमच्याबरोबरच परत जाणार असतात.

सेफ्टीचं पटकन. अजिंठ्याच्या कड्याला आग्यामोहोळं लटकलेली असतात, त्यामुळे उग्र सेंट, धूर, आरडाओरडा टाळायला सांगा, माश्या उठल्या तर हात झाडायचे नाहीत, तोंड झाकून बाजूला व्हायचं. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, टॉर्च, वटवाघळांची आधीच कल्पना, आणि दमा-हार्टवाल्यांना वर चढायचा आग्रह नको. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडायची नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी तुमच्याकडे जास्तीचं पाहिजे. मुलींसाठी एक, एकट्या गेस्टबरोबर दिवसभराचं काम असेल तर गाडीचा नंबर आणि प्रोग्रॅम घरी नेहमी पाठवून ठेवा, यात लाजण्यासारखं काही नाही, मी आजही पाठवते.

दुसरा गाईड काही चुकीचं सांगत असला तरी त्याच्या गेस्टसमोर त्याला दुरुस्त करू नका, नंतर चहावर सांगा. गेटवर दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढू नका, रेट पाडू नका, कारण एकाने पाडला की पुढच्या सीझनला सगळ्यांनाच तोच रेट मिळतो. ड्रायव्हरला जेवायला वेळ द्या आणि गेस्टशी त्याची नावाने ओळख करून द्या, रात्रीपर्यंत गाडी तोच चालवणार असतो.

आणि तयारीला सगळ्यात चांगला काळ म्हणजे पावसाळा. परदेशी गेस्ट तुरळक, अजिंठ्याची वाघूर नदी भरून वाहते, कडा हिरवागार असतो आणि सिनियर लोकांना बोलायला वेळ असतो. कुणाच्या तरी मागे फिरा, पण त्याची आणि त्याच्या गेस्टची परवानगी आधी विचारून, आणि फिरताना मध्ये तोंड न घालता. दुपारी एकटे अजिंठ्याच्या २४ नंबरच्या अर्धवट लेण्यात जा. तिथे काम मध्येच थांबलंय त्यामुळे खडक कसा कोरत नेला, आधी कुठे हात घातला, खांब कसे मोकळे केले हे सगळं उघड दिसतं, बहुतेक ग्रुप ते टाळून पुढे जातात. मी नवीन मुलांना घेऊन गेले की पहिलं तिथेच नेते.