मित्राचे शेवटचे दिवस चालू असताना त्याच्याकडे जायचं कसं

मित्राचं आता फार दिवसांचं नाही हे कळलं की चर्चमधले बरेच जण दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर जायचंच टाळतात, "मला नाही बघवणार" म्हणून, नाहीतर आठ-दहा जण मिळून जातात, पलंगाभोवती उभं राहून मोठ्याने प्रार्थना करतात आणि घड्याळ बघून निघतात. म्हणून हे लिहितोय. औषधपाण्याचं मात्र डॉक्टर-नर्सलाच विचारा, ते माझं काम नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपण धरूनच चालतो की देणारे आपण आणि घेणारा तो. पण वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या मोठ्या सणाच्या, आधीची ती रात्र आठवा, बायबलमधल्या योहान १३ मधली. दुसऱ्या दिवशी मरण आहे हे येशूला माहितीये आणि तरी कमरेला रुमाल बांधून सगळ्या शिष्यांचे पाय तोच धुतोय, जेवणाचा यजमान तोच आहे. पेत्राला ते सहनच होत नाही, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत म्हणतो. आजाऱ्याच्या घरी आपलं हे असंच होतं, तो म्हणतो अरे ती खुर्ची घे, पंखा लाव, आणि आपण लगेच "तू पड रे, माझं राहू दे". नका म्हणू असं. खुर्ची घ्या, पंखा लावा, पाणी दिलं तर प्या. घर त्याचंय आणि पाहुणे तुम्ही आहात, एवढं एक जपलं तरी खूप झालं, कारण आजारपणात माणसाच्या हातून सगळंच काढून घेतलेलं असतं, अगदी पाहुण्याला बस म्हणायचा मानसुद्धा.

याच्याही पुढे जायचं असेल तर त्याला काहीतरी मागा. "माझ्या घरी हे असं चाललंय, माझ्यासाठी प्रार्थना करशील का?" त्याला दोन वाक्यंच जमतील, मध्ये दम लागेल, थांबेल, तुम्ही डोकं खाली करून ऐका आणि त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका प्लीज.

जाण्याआधी घरच्यांना फोन करून कुठली वेळ बरी ते विचारा (दुखण्याच्या गोळीनंतर बऱ्याच जणांना जरा बरं वाटतं). एकटे जा, फार तर दोघं. उभे राहू नका, त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला बसा म्हणजे त्याला मान वर करावी लागत नाही. तो थकला की उठा, आणि "येतो पुन्हा" म्हणालात तर खरंच या.

"काही लागलं तर सांग" हे वाक्य तर टाकूनच द्या, त्यावर कोणीच काही सांगत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा ४ था अध्याय काढून बघा. पौल कैदेत आहे, आपला जायचा वेळ जवळ आलाय असं स्वतःच लिहितो, सोबती देमास सोडून गेलाय, जवळ फक्त लूक आहे. आणि एवढा मोठा प्रेषित मागतो काय, तर त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तकं, त्यातही चर्मपत्रं, आणि हिवाळ्याच्या आधी ये म्हणतो. शेवटची मागणी बहुतेक वेळा अशीच छोटी आणि नेमकी असते, जुना चष्मा, एखादा फोटो, वर्षानुवर्षं न बोललेला भाऊ. तर विचारायचं ते असं, तुझं काय कुठे राहिलंय, मी आणू का? कोणाला बोलवू का?

बोलायचं काय हा प्रश्न सगळ्यांना पडतो. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते आणि तोपर्यंत सगळं छान चाललं होतं, तोंड उघडलं आणि वाट लावली. देवाची काहीतरी योजना असेल, विश्वास कमी पडतोय, तू बरा होणारच, यातलं काहीच नको. बरं होण्यासाठी प्रार्थना करायची की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा त्यालाच विचारा की आज काय मागू. तो घाबरला, चिडला, रडला म्हणजे विश्वास डळमळला असं नाही, पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेही हा प्याला टळो म्हटलं होतं आणि मित्रांकडे फक्त जागं राहा एवढंच मागितलं होतं, तेही त्यांना जमलं नाही. वचन वाचायचं तर नेहमीचं स्तोत्र २३ आहेच, पण ८८ वं पण वाचा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं आणि तरी बायबलमध्ये आहे. काही दिवशी तेच जास्त जवळचं वाटतं.

दुखत असेल तर क्रूस समजून सोस वगैरे सांगू नका, नर्सला सांगा. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्यांची काळजी घेणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि त्यांचा आग्रह हाच होता की शरीराचं दुखणं, मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचं, सगळ्याकडे एकत्र बघायचं. मॉर्फिन घेणं म्हणजे देवावर अविश्वास नाही.

खाण्यावरून घरोघरी भांडणं होतात. शेवटाकडे भूक जातेच, शरीर ते मागत नाही, आणि जबरदस्तीने भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. प्रेमाने काहीतरी करायचंच असेल तर नर्सकडून शिकून घ्या आणि छोटा ओला स्पंज ओठांवरून, मग जिभेवरून हळूच फिरवा. पिळून घ्यायचा, पाणी गळता कामा नये. लहानसं काम आहे पण ते करताना जी जवळीक होते ती भाषणाने होत नाही.

प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस) हवं असेल तर पास्टर किंवा फादरना आधीच सांगा की गिळायला त्रास आहे, अगदी बारीक तुकडा चालतो, कॅथलिकांमध्ये तेही जमत नसेल तर फक्त द्राक्षारसाचा थेंबही चालतो. आणि फादरना अगदी शेवटच्या तासाला बोलावू नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केलंय की तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून करायचा विधी, फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. तो शुद्धीवर असताना बोलावलंत तर पापकबुली पण करता येते, तेवढा वेळ सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना (एल्डर्सना) बोलावतात, तिथेही लवकरच बरं.

प्रतिसाद थांबला तरी त्याला ऐकू येतंय असं धरूनच वागा. त्याच्या आवडीचं गीत हळू आवाजात म्हणा, तुमच्या आवडीचं नाही. आणि कॉफिन, जमीन, पैसे हे विषय दाराबाहेर.

शेवटचं, त्याला काळजी कोणाची आहे ते विचारून घ्या. क्रूसावरून येशूने आईला शिष्याच्या हवाली केलं आणि त्या वेळेपासून त्याने तिला आपल्या घरी नेलं असं लिहिलंय. झेपेल तेवढंच कबूल करा, मुलाची फी, आईची औषधं, जे असेल ते, आणि त्याच्या बायकोला समोर बसवून सांगा म्हणजे नंतर तिला मागायला लागत नाही. फ्युनरलला गर्दी असतेच, तुम्ही दोन महिन्यांनंतरचा रिमाइंडर आत्ताच फोनमध्ये लावून ठेवा.