स्टील स्लॅगचं सिमेंट करताना या चुका टाळा

स्लॅगच्या सिमेंटचा चाचणी ठोकळा (क्यूब) २८ दिवसांनी फोडला, ताकद झकास आली, म्हणून पेव्हर ब्लॉक पाडले. पावसाळा सरला आणि ब्लॉकच्या अंगावरून नाण्याएवढ्या खपल्या उडायला लागल्या. असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना निघणारी मळी, कुठल्या भट्टीची?

ब्लास्ट फर्नेसची (खनिजातून लोखंड काढायच्या भट्टीची) स्लॅग पाण्याच्या झोतात झटकन थिजते, काचेसारखी होते. दळून अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखं तीव्र क्षारद्रव्य) दिली की ती पटकन कामाला लागते. पोलाद करताना निघणारी कन्व्हर्टरची स्लॅग खड्ड्यात हळूहळू निवते, तिचे स्फटिक होतात. शिवाय पोटात मोकळा चुना आणि मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड). बाजारात दोन्हींना 'स्लॅग'च म्हणतात, घोळ तिथेच होतो. (जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांची आणखी तिसरीच: तिच्यात सिलिका जास्त, चुना कमी. दुसऱ्याचं मिश्रण तिला चालणार नाही.)

मोकळ्या चुन्याला पाणी लागलं की त्याचं आकारमान जवळपास दुप्पट होतं. मॅग्नेशियाही फुगतो, पण सावकाश, कधी वर्षांनी. म्हणून २८ दिवसांच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. ल-शातेलिए साच्याची चाचणी (नमुना उकळून फुगवटा मोजायची) चुना पकडते, मॅग्नेशिया नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्हच (दाबाखालच्या वाफेची चाचणी) लावा. 'माल सहा महिने उघड्यावर होता' हेही पुरेसं नाही. मोठ्या ढेकळाच्या आत पाणी शिरतच नाही. आधी फोडा, चुंबकाने लोखंड काढा, मग पसरून ओलं ठेवा. तरीही सगळी मदार कन्व्हर्टरच्या स्लॅगवर नको. जीजीबीएससोबत (दळलेल्या ब्लास्ट फर्नेस स्लॅगसोबत) थोडी थोडी घालत चाचणी घ्या.

कॉस्टिक सोडा नेहमी पाण्यात टाका, सोड्यावर पाणी कधीच ओतू नका. द्रावण प्रचंड तापतं, उसळून अंगावर येतं. चष्मा, हातमोजे हवेतच. गरम द्रावण तसंच मिक्सरमध्ये गेलं तर मिश्रण हातातच आवळतं, म्हणजे लगेच घट्ट होतं. तेव्हा वरून पाणी मारायचा मोह होतो. त्याने ताकद जाते आणि पुढे तडे पडतात. द्रावण आदल्या दिवशी करून निवू द्या, तरीही आवळलं तर जीजीबीएसचा थोडा हिस्सा फ्लाय अ‍ॅशला (कोळशाच्या बारीक राखेला) द्या. नेहमीच्या सिमेंटचं अ‍ॅडमिक्स्चर (मिश्रणात घालायचं रसायन) इथे बरेचदा चालत नाही, आधी छोट्या घाण्यावर पाहा.

क्युरिंगची (ब्लॉक पाण्यात ठेवून पक्के करायची) सवयही मोडावी लागते. ताजे ब्लॉक हौदात बुडवले की अल्कली पाण्यात उतरते. प्लास्टिकमध्ये गुंडाळा. पांढरा खार फुटत असेल तर अल्कलीचा डोस बहुधा जास्त झालाय.

आणि अल्कलीच्या काँक्रीटचं आयएस १७४५२ (२०२०) हे भारतीय मार्गदर्शक प्रीकास्ट, म्हणजे आधीच साच्यात ओतून तयार केलेल्या वस्तूंसाठी आहे. जागेवर स्लॅब ओतायला ते दाखवू नका.