बाळाच्या आहारातील उणीव मातांना कशी समजावून द्यावी

हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही वाडीत मातांची बैठक घ्यायची असेल, तर अंगणवाडी सेविकांनी जीवनसत्त्वांच्या नावांनी सुरुवात करू नये. ज्या पेजेवर कोकणातील बाळाचे वरचे खाणे बहुधा सुरू होते, त्या पेजेपासून करावी. सासूबाईंनाही आवर्जून बोलवावे, कारण आई मासळी विकायला गेली की बाळाला भरवतात त्याच.

समोर दोन वाट्या ठेवाव्यात. एकीत पातळ पेज, दुसरीत मऊ भात, मुगाची डाळ आणि चमचाभर तूप एकत्र घोटून केलेले घट्ट खाणे. दोन्हींतून चमचा भरून तो तिरका करायला एखाद्या आईलाच सांगावे. पेज लगेच ओघळते, घट्ट घास चमच्याला धरून राहतो. बाळाचे पोट एवढेसे. ते पाण्यानेच भरले तर बाळ शांत झोपते खरे, पण वाढीला लागणारे अन्न पोटात गेलेलेच नसते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ अंगावरचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीने असे घट्ट खाणे, हे येथेच सांगून टाकावे.

सर्वाधिक वेळ लोहाच्या कमतरतेला द्यावा, कारण ती हळूहळू वाढते आणि 'मूल स्वभावानेच मंद आहे' असे म्हणून घरात सोडून दिली जाते. बाळाचा तळहात आईच्या तळहाताशेजारी धरून फिकटपणा पाहायला शिकवावे. माती खाण्याची सवय असल्यास तीही सांगायला लावावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटर (१०० मिलिलिटर) रक्तात ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजतात. कुळथाची पिठी, नाचणी आणि शेवग्याचा पाला घरात असतोच. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना न खारवलेला सुका जवळा निवडून, धुऊन, भाजून त्याची पूड खाण्यात घालता येते. मासळीमुळे धान्य-भाजीतले लोहही अधिक शोषले जाते. लिंबू पिळल्यानेही तोच फायदा होतो. चहाने मात्र उलट होते, म्हणून लहान मुलाला चहा देऊच नये. लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर द्यायचे असते. त्याने शी काळी होते, हे आधीच सांगावे, नाहीतर घाबरून बाटली फळीवर पडून राहते.

संध्याकाळच्या अंधुक उजेडात नीट न दिसल्याने मूल अडखळत असेल, तर 'अ' जीवनसत्त्वाचा विचार करावा. भोपळा आणि पपई द्यावी. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा या जीवनसत्त्वाचा डोस चुकवू नये.

शेवटी दंडाचा घेर मोजायची पट्टी आईच्या हातात द्यावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा तसाच राहिला, तर मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. सुजेलाच 'बाळ अंगाने भरले' समजणाऱ्या आया भेटतात. त्यांना हे हळुवारपणे दाखवावे. कोणत्याही मुलाचे वजन चारचौघींत वाचून दाखवू नये, कारण दुखावलेली आई पुढच्या बैठकीला येत नाही. आठवडाभरात तिच्या घरी बाळाच्या जेवणाच्या वेळी जावे आणि वाटीत काय आहे, ते पाहूनच पुढचे बोलावे.